मागून येणारा हेंड्रिक

आमच्याकडे लाओसात वाटेत कुणी भेटलं की "कुठं निघालीस?" असं विचारतात. विचारणाऱ्याला जाणून घ्यायचं नसतं आणि सांगणाऱ्याला सांगायचं नसतं. "ही काय, इथंच," म्हणायचं नि पुढं व्हायचं. ओनचानताईला हा प्रश्न मी बावीस वर्षं रोज सकाळी विचारला असेल. माझा शेवयांच्या रश्श्याचा ठेला पाकहुआयच्या धक्क्यापाशी, तिचं गेस्टहाउस वरच्या अंगाला आणि नदी खाली. ती चादरींचं बोचकं कमरेवर घेऊन उतरायची, मी विचारायची, ती "इथंच" म्हणायची आणि खरोखर इथंच जायची. तिच्या नवऱ्यानं, थोंगदामनं, एकदा धुण्याचं मशीन आणलं होतं. पण वीज असली की मशीन बिघडलेलं असायचं, आणि मशीन दुरुस्त झालं की वीज गेलेली असायची. शेवटी त्यात कोंबड्या अंडी घालायला लागल्या.

हे सगळं सुरळीत चाललं होतं. घोळ घातला तो एका फिरंगी पोरीनं.

ती पोरगी ताईच्या गेस्टहाउसात पडवीला टांगलेल्या झोळीत पडून असायची. दहा वाजता उठायची, केळ्याचा पॅनकेक मागवायची. मी त्याला धिरडंच म्हणते. आणि आमच्या भाषेतले आठ शब्द शिकली होती तेवढे दिवसभर वापरायची. एका सकाळी ताई अकरा चादरी घेऊन निघाली तर ही झोळीतून म्हणाली, "कुठं निघालीस?"

"ही काय, इथंच."

आता पोरीनं गप्प बसावं की नाही? पण फिरंग्यांना कुणी सांगितलेलंच नसतं की काही प्रश्न नुसते विचारायचे असतात. तिनं डोळे मोठे करून विचारलं, "इथंच म्हणजे कुठं?"

आणि उत्तराची वाट बघत राहिली. ताई अकरा चादरींसकट उभीच्या उभी राहिली. मी खालून बघत होते. मला वाटलं हिला चक्कर आली.

दुपारी ती ठेल्यावर आली. बसली नाही. "पिम्पा, मी फिरायला जाणार."

"कुणाचं लग्न आहे?"

"फिरायला गं. त्यांच्यासारखं. पाठीला सॅक लावून. लुआंगप्राबांग, विएंतियान, मग नदीकाठची गावं करत करत खाली पार बेटांपर्यंत."

"थोंगदामदाजींना सवड मिळाली वाटतं."

"एकटी जाणार."

आमच्यात एकटं फिरतं ते भूत, नाहीतर सरकारी माणूस. मी शेवया ढवळताना थांबले. "ताई, ऊन लागलंय तुला."

तेव्हा ती माझ्या बाकड्यावर बसली आणि हळूच म्हणाली, "एकच रात्र, पिम्पा. दुसऱ्या कुणीतरी धुतलेल्या चादरीवर झोपायचंय मला. उन्हं वर येईपर्यंत लोळायचंय. तुझं ते धिरडं मागवायचंय आणि ताट जागेवरच ठेवायचंय."

"एवढ्यासाठी देशाच्या दुसऱ्या टोकाला?"

"इथं कोण धुणार? तू?"

मी पुन्हा शेवया ढवळायला लागले. पण माझी जीभ गप्प बसणारी नाही. मी पैज लावली, की तिसऱ्या दिवशी परत येशील, नाही आलीस तर माझा लाल कोंबडा तुझा. ती म्हणाली, कोंबड्याला आत्ताच खाऊपिऊ घाल. वर्षावास, म्हणजे भिक्खूंचा चातुर्मास, बसायला दहा दिवस होते. पौर्णिमेला आमच्या म्हाताऱ्या बायका विहारात पहिल्या रांगेत नसल्या तर गावभर बोभाटा होतो. म्हणजे दहा दिवसांच्या आत जाऊन यायचं होतं आणि त्यात ती एक रात्र साधायची होती.

सॅक होतीच. चार वर्षांपूर्वी हेंड्रिक नावाचा ताडमाड उंच हॉलंडचा पोरगा ती ठेवून गेला होता. आठवड्यात येतो म्हणाला आणि थेट आपल्या देशातून त्याचं पत्र आलं, की सॅक तुम्हालाच राहू द्या. निळी, आठ पट्ट्यांची, कडेला त्याच्या नावाची चिठ्ठी शिवलेली. ताईनं ती पाठीला लावली तर मागून नुसती सॅक दिसायची आणि सॅकखाली सिन, म्हणजे आमच्या बायकांची काठाची लुंगी, नेसलेले दोन पाय.

निघायच्या आदल्या दिवशी आम्ही तिच्या मनगटांना धागे बांधले. माणसाच्या अंगात बत्तीस प्राण असतात आणि ते भारी भटके. प्रवासात एखादा मागं रेंगाळला की माणूस आजारी पडतो, म्हणून त्यांना आधीच गोळा करून धाग्यानं बांधून द्यायचं. गावच्या म्हाताऱ्यानं मंत्र म्हणून बत्तिसांना हाका मारल्या. माझ्या सासूनं धागा बांधताना बजावलं, "सगळे मोजून परत आण. एखादा त्या शहरातल्या बाथरुमात विसरशील."

थोंगदाम कमी बोलणारा.  पण सकाळी त्यानं सॅकच्या तळाशी घरच्या पाडेकची बरणी ठेवली. दोन वर्षं मुरवलेले मासे, त्याच्या हातचे. "तिकडचं खाऊ नको," एवढंच म्हणाला. आता या एका बरणीनं पुढं काय रामायण घडवलं ते ऐका. मी तिथं नव्हते, पण ताईनं मला हे इतक्यांदा सांगितलंय की तिच्यापेक्षा मलाच जास्त आठवतं.

लुआंगप्राबांगला ती दुपारी उतरली. नदीकाठच्या एका गेस्टहाउसात शिरली, अंगणात सॅक टेकवली आणि पाठ करून आणलेलं वाक्य म्हणाली, "एक खोली पाहिजे, नदी दिसणारी."

मालकीण तिशीची, गोड. ती ताईच्या मागं रस्त्यावर बघायला लागली. "हो की. फिरंगी कुठाय?"

"कुठला फिरंगी?"

"ज्याची सॅक आहे तो."

"सॅक माझी आहे."

मालकीण हसली. मग ताईच्या मनगटांवरचे धागे बघितले आणि तिचा चेहरा एकदम कळवळला. "आई, एकट्या आलात? जेवलात का? खोली कसली घेताय, परके आहात का तुम्ही? या, आत या, आजीजवळ झोपा!"

आता हिला काय म्हणायचं? लाख शिव्या परवडल्या, पण ही माया नको. तासाभरात ताई आजीजवळ बसून लसूण सोलत होती. आजीच्या पायाला रग लागली होती म्हणून पाय चेपले. रात्री आजी घोरत होती आणि ताई चटईवर जागी. पहाटे भिक्खूंना घालायचा भात तिनंच शिजत घातला. रस्त्याच्या कडेला गुडघे टेकून ती भात वाढत होती, पाठीला सॅक तशीच, कारण ठेवायची कुठं? चार फिरंग्यांनी तिचे फोटो काढले. तिनंही थोंगदामचा जुना मोबाइल काढून त्यांचे काढले. आणि मग परत येऊन त्या गोड मालकिणीच्या नऊ चादरी वाळत घालून दिल्या. पैसे द्यायला गेली तर मालकीण म्हणाली, "लाजवता का आई?"

ताई मला म्हणते, "पिम्पा, तिथंच रडू आलं असतं, पण दोरीवर चादर तिरकी होती, ती सरळ करण्यात राहून गेलं."

विएंतियानच्या बसमध्ये पाडेकनं पहिला प्रताप दाखवला. बस डोंगरात वळणं घेत होती, गर्मी मी म्हणत होती, आणि बरणीच्या झाकणातून थोडं थोडं पाझरायला लागलं. आधी मागच्या बाकावर कुजबुज झाली. मग ड्रायव्हरनं आरशातून बघितलं. सॅक वर, नावाची चिठ्ठी लोंबतेय. एक जाडा माणूस उठून म्हणाला, "कुण्या फिरंग्याच्या सॅकमध्ये काहीतरी मेलंय."

दुसऱ्या बाईनं नाक वर करून श्वास घेतला. "मेलेलं नाही हो. पाडेक आहे. आणि चांगलं आहे!"

"उत्तरेकडचं आहे," तिसरा म्हणाला. "भाताच्या कोंड्यात मुरवलेलं. दोन वर्षं तरी."

मग काय, बस बाजूला थांबली. ताईला बरणी काढावीच लागली. प्रत्येकानं आपापली वेताची टोपली उघडली, चिकट भाताचे गोळे बोटांत घेतले आणि थोंगदामच्या पाडेकवर आख्खी बस तुटून पडली. ड्रायव्हरनं दोनदा घेतलं. ताईचा ऊर भरून आला, नवऱ्याचं नाव झालं. बरणी निम्म्यावर आली, पण सॅकमधला वास मात्र जन्माचा राहिला.

विएंतियानला तिनं मोठ्या रस्त्यावरचं हॉस्टेल गाठलं. इथं तरी कुणी ओळखीचं नसणार. काउंटरमागची पोरगी मान खाली घालून लिहीत होती. "खोली? किती जण? फिरंगी कुठाय?" आणि मान वर केली. "अगंबाई! ओनचानमावशी! थोंगदामकाकांच्या तुम्ही! मी हातलोमची नाही का, तुमच्या पलीकडच्या काठाची!"

हातलोमच्या त्या पोरीनं ताईला स्कूटरवर घातली आणि आपल्या खोलीवर नेली. तिथं पाच पोरी एका चटईवर झोपत. सकाळी पाचही पोरींच्या कामावर नेसायच्या सिनांना इस्त्री कुणी केली, हे मी सांगायला नको.

चार दिवस झाले होते. म्हणजे माझा कोंबडा गेला होता, पण तिची चादर काही मिळाली नव्हती. इकडे माझ्या डोळ्यांदेखत थोंगदाम धुणं धूत होता. पहिल्याच दिवशी त्यानं चादरींत ताईचं लाल सिन घातलं. अकराच्या अकरा चादरी गुलाबी झाल्या. एक फिरंगी जोडपं विचारायला लागलं, की लग्नाची खोली आहे का. मी हसून हसून ठेला बंद केला.

पाचव्या दिवशी दक्षिणेला पाक्सेच्या स्टँडवर ताई उभी होती. पाय सुजलेले, सॅकचा वास सुटलेला, आणि बेटांकडं जाणारा टेंपोवाला तिच्याकडं बघून म्हणाला, "आजी, तुझा फिरंगी कुठाय?"

ती म्हणते, मी काही ठरवलं नव्हतं. तोंडातूनच गेलं.

"मागून येतोय."

चमत्कार झाला की हो! टेंपोवाल्यानं सॅक दोन्ही हातांनी उचलली, बाळासारखी आत ठेवली, ताईला पुढं आपल्या शेजारी बसवलं. कुणी जेवलीस का विचारलं नाही, कुणी कळवळलं नाही. जिचा फिरंगी मागून येतोय ती बाई कामाची बाई. वाटेत एकानं विचारलं, "फिरंगी चांगला आहे का?"

"उंच आहे," ताई म्हणाली. एवढंच तिला खात्रीनं माहीत होतं.

होडीतून ती बेटावर उतरली तेव्हा संध्याकाळचे पाच वाजून गेले होते. पहिलंच गेस्टहाउस तिनं धरलं. मालकीण तिच्याच वयाची, हडकुळी, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. नाव विएंगखाम. चेहऱ्यावर माया वगैरे काही नाही. ताईला बरं वाटलं.

"खोली पाहिजे. हेंड्रिकसाहेबांसाठी," ताई म्हणाली आणि सॅकवरची चिठ्ठी दाखवली.

"आणि साहेब?"

"मागच्या बोटीनं येतायत."

"तू स्वयंपाकघराच्या पडवीत झोप."

"नको. साहेबांना सामान एकटं ठेवलेलं चालत नाही. मी खोलीत थांबते."

विएंगखामनं किल्ली दिली. ताईनं बावीस वर्षांच्या सवयीनं रजिस्टर स्वतःच ओढलं आणि ठसठशीत लिहिलं: हेंड्रिक, हॉलंड.

खोलीत पलंग. पलंगावर पांढरी चादर, कोपरे ताणून घातलेले, उन्हात वाळल्याचा वास येणारी. ताई सांगते, मी आधी नुसता हात फिरवला. मग पाय धुऊन आले. पुन्हा धुऊन आले. मग आडवी झाले. वर पंखा फिरत होता, खिडकीत नदी होती, आणि कुणीही मला काहीही सांगत नव्हतं. "पिम्पा, मी मोठ्यांदा हसले. एकटीच. उशीत तोंड घालून हसले."

अर्धा तास. तिच्या वाट्याला आलेलं सुख तेवढंच, असं तिला तेव्हा वाटलं. कारण शेवटची बोट आली आणि तीत हेंड्रिक नव्हता.

आता आमच्या लोकांचा स्वभाव बघा. फिरंगी हरवला म्हणजे काय साधी गोष्ट आहे? घरचा माणूस हरवला तर तो नातेवाइकांकडं तरी असतो. बोटवाला म्हणाला, "एक उंच माणूस पलीकडच्या धक्क्यावर दिसला होता खरा." दुसरा म्हणाला, "मलाही दिसला. पाण्याकडं बघत होता." तिसऱ्याला तो पाण्यात उतरतानासुद्धा दिसला होता. नदी त्या दिवसांत गढूळ आणि फुगलेली. विहारातला ढोल वाजला. सूर्य मावळायला अजून घटकाभर होता. तेवढ्यात सात बोटी काढल्या गेल्या आणि नदीभर हाका सुरू झाल्या.

"हेंड्रिक! ओ हेंड्रिक!"

ताई पलंगावर ताडकन उठून बसली. एक खोटं पचवायचं तर दहा सांगावी लागतात, पण तिच्याकडं दहा कुठली? तिला एवढंच दिसत होतं, की लोकांची माणसं फुगलेल्या नदीत उतरलीयत आणि ज्याला शोधतायत तो पांढऱ्या चादरीवर बसलाय. गप्प पडून राहिली असती तर रात्रभर ती चादर तिची होती. पुन्हा दुसरी मिळायची नव्हती, परतायचे दिवस भरत आले होते. ती म्हणते, मी एकदा चादरीकडं बघितलं आणि अनवाणी धावत सुटले.

धक्क्यावर ही गर्दी. ताई ओरडतेय, "थांबा! परत बोलवा त्यांना!" लोक तिलाच धरून धीर देतायत. "रडू नको मावशी, सापडेल तुझा साहेब." एक म्हातारी तिची पाठ चोळतेय. तेवढ्यात मागून विएंगखाम आली. साहेबाच्या घरच्यांचा फोन नंबर सापडतो का बघायला तिनं सॅक उघडली होती. एका हातात सॅक, दुसऱ्या हातात बरणी.

"अगं ए बाई," ती म्हणाली, "तुझा फिरंगी पाडेक खातो?"

ताईनं बरणीकडं बघितलं. "खातो."

विएंगखामनं सॅकमधून वेताची टोपली काढली. "चिकट भात खातो?"

"खातो."

मग तिनं सॅकमधून घडी केलेलं काठाचं सिन काढून सगळ्यांसमोर झटकलं. "आणि हे नेसतो?"

सगळा धक्का माना उंचावून बघायला लागला. नदीवरून तेवढी हाक येत होती, "हेंड्रिक! घाबरू नको!"

"नेसतो," ताई म्हणाली. आणि मग हात जोडून, मान खाली घालून, "मीच आहे तो. बोटी परत बोलवा. चूक झाली माझी."

ज्या म्हातारीनं पाठ चोळली होती ती आधी फुटली. ती हसत हसत खाली बसली. मग सगळा धक्का हसायला लागला. बोटी परत आल्या, भिजलेल्या माणसांना कळलं, त्यातल्या एकानं कपाळावर हात मारला आणि म्हणाला, "मी तर त्याला पोहताना बघितला होता!" रागावलं कुणी नाही असं नाही. बोटवाल्यांचा म्होरक्या चांगलाच तापला होता. "आम्ही एवढ्या हाका मारल्या," तो म्हणाला, "त्या वाया घालवायच्या का? हेंड्रिकचे प्राण भेदरून नदीभर झाले असतील. गोळा करा त्यांना!" आणि तिथंच, धक्क्यावर, पांढरा दोरा आणून ताईच्या मनगटांना आमच्या धाग्यांवर नवे धागे बांधले गेले. बेटाच्या म्हाताऱ्यानं मंत्र म्हटला, "या रे हेंड्रिकच्या बत्तीस प्राणांनो, झाडावर असाल तर उतरा, पाण्यात असाल तर वर या." ताई रडत होती आणि हसत होती. बरणीत उरलेलं पाडेक तिथंच संपलं.

एकटी विएंगखाम हसली नव्हती. माणसं पांगल्यावर ती ताईसमोर उभी राहिली. "का केलंस?"

ताईनं सरळ सांगितलं. "माझं पण गेस्टहाउस आहे. बावीस वर्षं रोज अकरा चादरी धुते. एकदा, एकच रात्र, दुसऱ्या बाईनं धुतलेल्या चादरीवर झोपायचं होतं. खोली मागितली की सगळे मला आई म्हणतात आणि स्वयंपाकघरात नेतात."

 विएंगखामनं आपले हात पुढं केले. साबणानं खाल्लेली बोटं, नखं पांढरी पडलेली. ताईनं आपले त्यांच्याशेजारी धरले. घरोघरी मातीच्या चुली म्हणतात त्या ह्याच. "माझ्या चौदा," विएंगखाम म्हणाली. "एकोणीस वर्षं." मग कमरेची किल्ली काढून ताईच्या हातावर आपटली. "जा, झोप. उठलीस लवकर तर याद राख."

ताई साडेनऊला उठली. जन्मात पहिल्यांदा. उठल्यावर आधी चादर ओढायला लागली तर दारातून ओरडा आला, "हात लावू नको!" विएंगखाम थाळी घेऊन उभी होती. केळ्याचं धिरडं, वर मध. ताई झोळीत बसून खात होती. विएंगखाम आत गेली, सरसर चादर काढली, बाकीच्या तेरा चादरींवर टाकली, बोचकं कमरेवर घेतलं आणि अंगणातून नदीकडं निघाली.

ताईला राहवलं नाही. झोळीतून तिनं विचारलं, "कुठं निघालीस?"

विएंगखाम थांबली. बोचक्यासकट वळली. ताई सांगते, तिचे डोळे भरले होते, पण तोंड हसत होतं.

"ही काय," ती म्हणाली, "इथंच."

ताईचा घास हातातच राहिला. थाळी ठेवून ती उठायला गेली, तर विएंगखामनं नुसतं बोट रोखलं. मग ताई पुन्हा पडून राहिली आणि दुपारपर्यंत झोळीतून उतरलीच नाही. हीच माझी सगळ्यात आवडती गोष्ट आहे. मला माहीत आहे, पडून राहणं तिला किती जड गेलं असेल.

ताई पौर्णिमेच्या आदल्या दिवशी परत आली, चिकट भाताचा खाऊ घातलेलं साधं बोचकं घेऊन. गुलाबी चादरी बघितल्या, थोंगदामकडं बघितलं, आणि माझा कोंबडा घेऊन गेली. सॅक बेटावर ठेवून आली होती.

ती सॅक थंडीत आमच्या धक्क्यावर उतरली. खाली दोन हडकुळे पाय. मी सवयीनं विचारलं, "बाई, फिरंगी कुठाय?"

"मागून येतोय," विएंगखाम म्हणाली, आणि मला ओळख पटली. ताईनं तिला तीन नंबरची खोली दिली. साडेदहाला धिरडं दिलं. तिची चादर धुताना ताई नदीवर गाणं म्हणत होती. सगळ्या गावानं ऐकलं.

तेव्हापासून ती सॅक नदीवर वरखाली फिरते आहे. लुआंगप्राबांगची ती गोड मालकीणही घेऊन गेली. सात बायका झाल्या. प्रत्येक रजिस्टरात एकच नाव. रजिस्टरं तपासायला येणारा शिपाई परवा ताईला म्हणाला, "हा हेंड्रिक किती फिरतो हो! याला घरदार नाही का?"

"आहे की," ताई म्हणाली. "म्हणून तर फिरतो."

गेल्या आठवड्यात तिनं ती सॅक माझ्या ठेल्यावर आणून टेकवली. मी म्हटलं, "मला कसली? माझं काही गेस्टहाउस नाही." ती म्हणाली, "पहाटे चारला उठून हाडं कोण उकळतं? दुसऱ्यानं वाढलेला वाडगा शेवटचा कधी खाल्लास?" मला आठवेना. खरंच आठवेना. म्हणून मी भांडले. "ठेला कोण बघेल?"

"थोंगदाम."

"अगं, रस्सा गुलाबी करेल तो!"

"करू दे."

आज सकाळी मनगटं धाग्यांनी भरलीयत, सासूनं बाथरुमाचं पुन्हा बजावलंय आणि माझ्या ठेल्यावर थोंगदाम माझा झारा धरून घाबरून उभा आहे. सॅकच्या तळाशी नवी बरणी आहे, ती कुणी ठेवली ते विचारायला नको. बोट लागली. बोटवाला आमच्याच आळीतला.

"पिम्पाकाकू, कुठं निघालीस?"

"ही काय, इ..." म्हणता म्हणता मी जीभ चावली. "बेटांवर!" एवढ्या मोठ्यांदा म्हणाले की धक्क्यावरच्या कोंबड्या उडाल्या.

त्यानं माझ्याकडं बघितलं, मग सॅककडं बघितलं. "आणि फिरंगी?"

"मागून येतोय," मी म्हटलं, आणि सगळ्यात पुढच्या फळीवर जाऊन बसले.